नवं शीड कधी घ्यावं?

१९९३ साली फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, सेंत-मारी-द-ला-मेर या गावाजवळ खास वेगासाठी खणलेल्या कालव्यात थिएरी बिएलाक याने विंडसर्फिंग बोर्डवरून ४५.३४ नॉटचा वेग गाठला. हा पाचशे मीटरवरचा सरासरी वेग, म्हणजे ताशी ८४ किलोमीटर. पुढे हा विक्रम अनेकदा मोडला गेला. २०१५ साली नामिबियातल्या ल्युडेरित्झ इथे, अशाच खणलेल्या पाण्यात, आंत्वान आल्बो याने तो ५३.२७ नॉटवर, म्हणजे ताशी साडेअठ्ठ्याण्णव किलोमीटरच्या पुढे नेला. या बावीस वर्षांत शिडाचं कापड बदललं, शिवण बदलली, मास्ट हलके झाले, बोर्ड आणि फिन यांचं गणित नव्याने मांडलं गेलं. एवढं सगळं मिळून वेग वाढला साडेसतरा टक्के. वर्षाचा हिशेब काढला तर एक टक्क्याहून कमी. त्यानंतर आल्बोनेच २०२४च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या ला पाल्म इथे ५३.४९ नॉट गाठले. नऊ वर्षांत पाव नॉटसुद्धा नाही.

नवं, महागडं शीड घ्यावं का, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने आधी हे आकडे समोर ठेवावेत. जगातला सर्वात वेगवान माणूस, त्याच्यासाठीच शोधलेलं सपाट पाणी, चाळीस नॉटच्या पुढचा वारा आणि त्या एका कामासाठी घडवलेलं सामान. तिथेही वर्षाची प्रगती एक टक्क्याच्या आत, आणि त्यात शिडाचा वाटा आणखी कमी. मग रविवारी दुपारी दोन तास पाण्यात उतरणाऱ्याच्या हातात गेल्या वर्षीचं आणि यंदाचं शीड यांत किती फरक पडेल? माझं उत्तर स्पष्ट आहे: जाणवेल इतका नाही. शीड तीन-चार वर्षांचं असेल, धड असेल आणि आपल्या मास्टशी जुळत असेल, तर केवळ नवा नमुना बाजारात आला म्हणून ते बदलू नये.

पण ऐंशीच्या दशकातलं शीड वापरणाऱ्यालाही हेच सांगितलं तर ते चुकीचं ठरेल. वेगाच्या एका आकड्यात शिडाची सगळी प्रगती मावत नाही. ती कुठे झाली हे कळायचं तर शीड काम कसं करतं ते पाहावं लागतं.

जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात पहिले ‘विंडसर्फर’ बनवले, तेव्हा त्यांवर साधारण सव्वापाच चौरस मीटरचं त्रिकोणी शीड असे. ते डॅक्रॉनचं, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टरचं असे. ड्रेक विमानशास्त्राचा अभियंता होता. विमानाच्या पंखाप्रमाणेच शिडाच्याही पाठीवरून हवा वळून जाते आणि दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाने ओढ तयार होते, हे त्याला नव्याने शिकायचं नव्हतं. अडचण होती ती कापडाची. विणलेलं कापड ताणलं की लांबतं. वाऱ्याचा झोत आला की शिडाचा फुगवटा वाढायचा आणि मास्टपासून दूर, मागच्या कडेकडे सरकायचा. फुगवटा मागे गेला की ओढही मागे जाते. बूम, म्हणजे शिडाची आडवी दांडी, धरलेल्या मागच्या हातावर अचानक सगळा भार येतो आणि माणूस एक तर शीड सोडून देतो, नाही तर शिडावरून पलीकडे फेकला जातो. वारा वाढला की घाबरायचं आणि पडला की थांबायचं, असा तो खेळ होता.

१९८०च्या दशकात यावर एकापाठोपाठ एक उपाय निघाले. कापडाच्या जागी न ताणणारी पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म आली. मास्टपासून मागच्या कडेपर्यंत जाणाऱ्या लवचीक पट्ट्या, म्हणजे बॅटन, शिडात बसवल्या गेल्या आणि फुगवटा जागच्या जागी राहू लागला. काही शिडांत बॅटनच्या पुढच्या टोकाला प्लॅस्टिकचे चिमटे आले. ते मास्टला धरून बसतात आणि वारा नसतानाही शिडाला आकार देतात. या चिमट्यांना कॅम्बर म्हणतात.

नंतरचा बदल मला सर्वात मोठा वाटतो, कारण तो तोवरच्या समजुतीच्या उलटा होता. शीड मागच्या कडेला घट्ट ताणलेलं, गुळगुळीत दिसलं पाहिजे, असं तोवर सगळे मानत. विंडसर्फिंगच्या शिडकारांनी ती कड वरच्या तिसऱ्या हिश्शात सैल सोडली. झोत आला की शिडाचा शेंडा थोडा पिळला जाऊन उघडतो आणि जास्तीचा वारा तिथून निघून जातो. जोर खाली, माणसाच्या हाताशी राहतो. पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर वेगवान, त्यामुळे चालत्या शिडाला वरच्या टोकाशी वारा वेगळ्या कोनातून भेटतो. शेंडा पिळला गेला की तिथलं शीडही त्या कोनाला जुळतं. म्हणजे हा सैलपणा झोत झेलण्यापुरता नाही, झोत नसतानाही तो कामाचा आहे.

एका शिडाने किती वाऱ्यापर्यंत निभावतं, हा पल्ला या बदलांनी वाढवला. जुन्या सहा मीटरच्या शिडावर ज्या वाऱ्यात हात भरून येत आणि किनारा गाठावा लागे, त्या वाऱ्यात आजचं त्याच मापाचं शीड घेऊन माणूस आणखी तासभर आनंदात फिरतो. विक्रमाच्या कालव्यात हा फरक मोजला जात नाही, पण सामान्य माणसाला हवा असतो तो हाच. आणि तो घडून पुष्कळ वर्षं झाली. पुढच्या काळात झालं ते घासूनपुसून नीट करणं. म्हणून कोणाकडे ऐंशीच्या दशकातलं, ताठ मागच्या कडेचं शीड असेल तर त्याने जरूर बदलावं. एवढा मोठा फरक पुढच्या कुठल्याही खरेदीत मिळणार नाही. त्यासाठी यंदाचाच नमुना हवा असं मात्र नाही.

आता थोडं गणित. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा नवं शीड जुन्यापेक्षा पाच टक्के जास्त जोर देतं. ही मी उदारपणे धरलेली वाढ आहे. १५ नॉटच्या वाऱ्यात तेवढाच जादा जोर जुन्या शिडाला मिळायला वारा किती वाढावा लागेल? १५ वरून १५.४ नॉट. दुपारचा समुद्री वारा पाच मिनिटांत १३ आणि १८ नॉटांच्या मध्ये सहज हेलकावे खातो, आणि तेवढ्यात शिडावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. नव्या शिडाची पाच टक्के वाढ या चढउतारात कुठे विरून जाते ते कळतही नाही.

नमुन्यापेक्षा माप महत्त्वाचं. वाऱ्याचा वेग नॉटांत आणि शिडाचं क्षेत्र चौरस मीटरांत घेऊन गुणलं, तर एकाच माणसासाठी तो गुणाकार साधारण कायम राहावा, असा विंडसर्फरांचा एक ठोकताळा आहे. १४ नॉटांना सात मीटर लागत असेल तर २० नॉटांना पाचच्या जरा खाली. हा ठोकताळा ढोबळ आहे, पण खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. कोणाकडे साडेसात आणि पाच अशी दोन शिडं असतील तर मधल्या वाऱ्यात त्याचे दिवस वाया जातात: एक शीड जड होतं, दुसरं हलकं पडतं. अशा माणसाने साडेसातच्या जागी नवं कोरं साडेसात आणण्यापेक्षा कोणाचं तरी वापरलेलं सव्वासहा आणावं. पैसा निम्मा लागेल आणि पाण्यावरचे तास वाढतील.

विकताना ज्या गोष्टीबद्दल सर्वात कमी बोललं जातं ती म्हणजे मास्ट. शिवणाऱ्याने शिडाची पुढची कड सरळ रेषेत कापलेली नसते, ती वक्र असते. मास्टही ताणाखाली वाकतो. या दोन वक्रांच्या मेळातूनच फुगवटा किती, शेंडा कधी उघडणार, बॅटन मास्टभोवती किती सहज फिरणार, हे सगळं ठरतं. शिडकाराच्या मनात एक ठरावीक मास्ट असतो आणि शीड त्यावरच कापलेलं असतं. दुसऱ्या वळणाचा मास्ट घातला की तेच शीड वेगळं होतं.

मास्टचं वळण मोजायची रीत साधी आहे. मास्ट दोन टोकांना आधारांवर आडवा ठेवतात, मधोमध ३० किलो वजन टांगतात आणि तो किती खाली वाकला ते तीन ठिकाणी मोजतात: मध्यावर, बुडाकडच्या पाव लांबीवर आणि शेंड्याकडच्या पाव लांबीवर. मध्यावरच्या वाकावरून ताठपणाचा आकडा निघतो. चार मीटरच्या मास्टला तो साधारण १९ असतो, ४.६० मीटरच्याला २५. पाव लांबीवरचे वाक मध्याच्या तुलनेत किती टक्के आहेत त्यावरून वळण कळतं. बूड ६४ टक्के आणि शेंडा ७७ टक्के असेल तर फरक १३, आणि अशा मास्टला एकसारख्या वळणाचा म्हणतात. फरक बराच जास्त असेल तर शेंडा लवचीक, कमी असेल तर शेंडा ताठ. लवचीक शेंड्यासाठी कापलेलं शीड ताठ शेंड्याच्या मास्टवर चढवलं, तर कितीही खाली ओढा, वरचा भाग हवा तसा सैल होत नाही. मधे मात्र शीड चपटं होऊन जीव सोडतं. हजार युरोंचं नवं शीड आणि घरात पडलेला भलत्याच कंपनीचा मास्ट, ही जोडी पाच वर्षांपूर्वीच्या पण जुळणाऱ्या जोडीपुढे फिकी पडते. म्हणून नवं शीड घ्यायच्या आधी मास्टवर छापलेले आकडे वाचून शिडाच्या पिशवीवरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. दोन मिनिटांचं काम आहे.

मास्टमध्ये कार्बनचं प्रमाण किती हाही प्रश्न येतो. ३० टक्के कार्बनचा आणि १०० टक्के कार्बनचा, असे चार मीटरचे दोन मास्ट हातात घेतले तर वजनातला अर्ध्या किलोच्या आसपासचा फरक लगेच कळतो. हा अर्धा किलो जमिनीवर फारसा वाटत नाही. पण मास्ट पाण्यावर चार मीटर उभा असतो आणि त्याचं वरचं वजन प्रत्येक वळणावर हाताला जाणवतं. शिवाय हलका मास्ट वाकून झटकन मूळ जागी येतो, त्यामुळे झोत गेल्यावर शीडही लवकर सावरतं. खिशात एकाच मोठ्या खरेदीपुरते पैसे असतील आणि शीड धड असेल, तर मी मास्ट बदलायला सांगेन.

यानंतर येतो फुकटात मिळणारा फायदा, आणि तो दर तिसरा माणूस सोडून देतो. शीड वाळूत पसरलं आहे, मास्ट त्याच्या बाहीत सरकवला आहे, खालच्या कप्पीतून दोरी ओवून झाली आहे. आता ती दोरी खाली ओढायची. यालाच डाउनहॉल म्हणतात. नवशिका हाताला जड लागलं की थांबतो. तेव्हा शीड छान गुळगुळीत, घट्ट, भरीव दिसत असतं. पण खरा ताण पुढच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये असतो आणि त्यासाठी पाय मास्टच्या बुडाला टेकवून, दोरी एखाद्या दांडीला गुंडाळून, पाठ सरळ ठेवून ओढावं लागतं. ओढता ओढता वरच्या दोन बॅटनमधली मागची कड सुटते आणि हलक्या सुरकुत्या मास्टच्या दिशेने आत सरकू लागतात. पुष्कळ शिडांवर त्या कुठवर याव्यात याची खूण छापलेली असते. मोकळी कड तिथवर आली की थांबायचं. नंतर बूमच्या टोकाशी मागे थोडं ओढायचं, दोन-तीन सेंटिमीटर, जास्त नाही. जमिनीवर असं शीड सुरकुतलेलं, बिघडल्यासारखं दिसतं. पाण्यावर ते श्वास घेतं.

डाउनहॉल दोन सेंटिमीटर कमी असेल तर शेंडा उघडत नाही, जोर वर राहतो आणि झोतात बोर्डचं नाक उचललं जातं. मग माणूस म्हणतो, हे शीड भारी वाऱ्यात चालत नाही, नवं हवं. नवं आणून तेही तसंच अर्धवट ताणतो. ज्यांचं शीड ‘जुनं झालं’ असं ते सांगतात, त्यांनी शिडाला आधी नीट ताण द्यावा आणि एक दुपार फिरून पाहावं. यात शरमण्यासारखं काही नाही. योग्य ताण डोळ्याला चुकीचा दिसतो, त्यामुळे तो कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावाच लागतो.

सामान सारखं असलं की माणसामाणसांत किती अंतर राहतं, याचं सर्वात चांगलं उत्तर ऑलिम्पिकने दिलं आहे. विंडसर्फिंग ऑलिम्पिकमध्ये आलं १९८४ साली, लॉस एंजेलिसला, आणि नेदरलँड्सच्या स्टेफान व्हान डेन बर्ग याने पहिलं सुवर्ण घेतलं. तेव्हापासून तत्त्व एकच राहिलं: सगळ्यांना एकाच नमुन्याचा बोर्ड, एकाच नमुन्याचं शीड. २००८च्या बीजिंगपासून २०२१ साली झालेल्या टोकियोपर्यंत, चार ऑलिम्पिक आर.एस.एक्स. या वर्गावर झाली: पुरुषांना साडेनऊ मीटरचं शीड, स्त्रियांना साडेआठ. बाजारातली रेसिंगची शिडं या काळात दर मोसमाला बदलत होती, हा वर्ग जागीच होता. तरीही त्या एकाच नमुन्यावर डोरियन व्हान रायसेलबर्ग याने २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन सुवर्णं घेतली. पहिला आणि शेवटचा यांच्यातलं अंतर दर शर्यतीत मिनिटांत मोजावं इतकं असे. ते अंतर शिडाने पाडलेलं नव्हतं. वारा वाचणं, सुरुवातीची रेषा योग्य क्षणी ओलांडणं, हातांनी शीड हलवून वेग काढणं, यांतून ते पडलेलं होतं.

आपल्याकडच्या खेळाडूंचा काळही याच वर्गात गेला. गोव्याची डेन आणि कात्या ही कुएल्हो भावंडं आर.एस.एक्स.वरच आंतरराष्ट्रीय पाण्यात उतरली. इबाद अली याने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवलं तेही आर.एस.एक्स.वर, आणि तोवर ऑलिम्पिकने हा वर्ग सोडून आयक्यूफॉइल, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर (फॉइलवर) उचलल्या जाणाऱ्या बोर्डचा वर्ग, स्वीकारलेला होता. स्पर्धा खेळणाऱ्याला नवं शीड घ्यावं का हा प्रश्न स्वतःला विचारता येत नाही. वर्ग बदलला की बोर्ड, फॉइल, शीड, मास्ट सगळंच नवं आणि सगळं परदेशातून आणायचं. एका तरुण खेळाडूच्या घरावर हा भार केवढा असतो, याचा विचार नियम बदलणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं.

वरच्या श्रेणीच्या शिडात पैसे कशाचे मोजतो, तेही पाहायला हवं. युरोपात अशा शिडाला ८०० ते ११०० युरो सहज पडतात, स्पर्धेच्या कॅम्बरवाल्या मोठ्या शिडाला त्याहून जास्त. त्याच कंपनीचं साधं शीड बरंच स्वस्त असतं. फरकाचा पहिला भाग वजनाचा. पाच मीटरचं लाटांसाठीचं शीड तीन किलोंच्या आसपास भरतं, महागातलं काहीशे ग्रॅमने कमी. दुसरा भाग साहित्याचा. साधी पारदर्शक मोनोफिल्म स्वस्त आणि ताठ असते, पण एकदा चीर पडली की ती सरळ पुढे धावते. जाळीदार धागे घातलेली एक्स-प्लाय थोडी जड आणि महाग असते, पण चीर पुढच्या धाग्याशी अडते. काही महागड्या शिडांत ताण जिथून वाहतो त्या रेषांवरच धागे अंथरून दोन पातळ थरांत चिकटवलेले असतात, त्यामुळे कमी वजनात ताठपणा मिळतो. या कारागिरीबद्दल मला आदर आहे. अशी शिडं घडवणं हे कसबाचं काम आहे आणि त्याची किंमत पडणारच.

ती किंमत कोणाला परत मिळते? लाटांवर खेळणाऱ्याला नक्की मिळते. त्याचं शीड दर अर्ध्या तासाला फेसात आपटतं, तिथे एक्स-प्लाय नसेल तर मोसम संपायच्या आत फाटतं, आणि लाटेच्या पोटात शीड क्षणात फिरवायचं असल्याने ग्रॅमागणिक फरक पडतो. स्लॅलमच्या शर्यतीत उतरणाऱ्याला मिळते, कारण तिथे वळणावर अर्धा सेकंद मोलाचा असतो. तिसरा गट लोक विसरतात: साठी ओलांडलेले, खांदा किंवा पाठ दुखणारे. त्यांना हलकं शीड आणि हलका मास्ट आणखी काही वर्षं पाण्यावर ठेवू शकतात, आणि त्यांनी हा खर्च निःसंकोच करावा. नवशिक्याने मात्र करू नये. तो शीड पाण्यात पाडणार, बोर्डच्या नाकावर आदळणार, मास्ट शिडावर पाडून फिल्म फोडणार. त्याला लहान मापाचं, हलकं, डॅक्रॉनचं शीड पुरतं.

मधल्या, बहुसंख्य लोकांसाठी एक सोपा मार्ग आहे. नवा मोसम सुरू झाला की दुकानांत गेल्या मोसमातली न वापरलेली शिडं उरतात आणि त्यांची किंमत बरीच खाली येते. कित्येकदा आखणी तीच असते, नवे असतात ते फक्त रंग. नवं घ्यायचंच असेल तर ते घ्यावं.

शीड खरोखर संपलं हे ओळखायला वर्षं मोजून चालत नाही. मोनोफिल्मचा मोठा शत्रू ऊन. रोज चार तास उन्हात सज्ज पडलेलं दोन वर्षांचं शीड आणि वापर झाल्याबरोबर गुंडाळून सावलीत ठेवलेलं आठ वर्षांचं शीड यांत दुसरं तरुण असू शकतं. वापरलेलं शीड घेताना ते हातात धरून त्याच्या पारदर्शक भागातून आकाशाकडे पाहावं. फिल्म दुधाळ किंवा पिवळसर दिसत असेल, तिच्यावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं असेल, तर ती ठिसूळ झाली आहे. मग मास्टच्या बाहीलगतची शिवण आणि बॅटनच्या टोकांची शिवण बोटांनी चाचपावी, उन्हाने दोरा कुजला असेल तर तो नखाने सुटतो. शेवटी मास्टवर चढवून पूर्ण ताण द्यावा. खूण आहे तिथवर कड सैल होऊनही मध्ये बॅटनलगत उभ्या वळ्या पडत असतील तर साहित्य लांबलं आहे. असं शीड जोर धरत नाही, झोतात फुगवटा पुन्हा मागे सरकू लागतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीची तीच जुनी अडचण परत येते. तेव्हा ते बदलावं. एखादी चीर किंवा छिद्र मात्र बदलण्याचं कारण नाही. ती चिकटपट्टीने किंवा शिवून दुरुस्त होते.

आपल्या किनाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे हेच कोकण आणि गोव्यातल्या विंडसर्फिंगचं भांडवल. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपार चढली की जमीन तापते आणि वायव्येकडून वारा येतो. तो बहुधा दहा ते पंधरा नॉटांचा असतो. पावसाळ्यात जोर खूप असतो, पण तो समुद्र उतरायचा नसतो. कंपन्यांच्या जाहिरातींत दिसतात ती हवाईच्या माउई बेटावरची किंवा स्पेनच्या टारिफाची शिडं वीस-पंचवीस नॉटांसाठी, चार-पाच मीटरांची असतात. करंझाळे किंवा दोना पावलला ती वर्षातले बहुतेक दिवस पिशवीतच राहतील. इथे साध्या फिनवर प्लेनिंग करायचं, म्हणजे बोर्ड उचलून पाण्यावरून घसरवायचा, तर साडेसात-आठ मीटरचं शीड आणि रुंद बोर्ड लागतो. मोठ्या शिडात वजन खरंच जाणवतं, म्हणून आपल्याकडे जादा पैसे मोजायचे तर ते मोठ्या शिडाच्या हलक्या मास्टसाठी मोजावेत.

गेल्या काही वर्षांत फॉइलने हे गणितही बदललं आहे. बोर्डखाली पाण्यात चालणारे पंख लावले की बोर्ड पाण्याबाहेर उचलला जातो आणि पाण्याचा अडथळा झपकन कमी होतो. पॅरिस ऑलिम्पिकच्या शर्यती मार्सेयला झाल्या तेव्हा पुरुष आठ मीटरच्या आणि स्त्रिया ७.३ मीटरच्या शिडावर होत्या, आर.एस.एक्स.पेक्षा मीटर-दीड मीटरने लहान, आणि वेग कितीतरी जास्त. शर्यत न खेळणाऱ्याला बारा नॉटांत साडेपाच-सहा मीटरचं शीड पुरतं. तेही कॅम्बर नसलेलं, साधं. अनेकांकडे अशा मापाचं जुनं शीड आधीच असतं. गोव्यात फॉइलची अडचण आहे ती खोलीची आणि जाळ्यांची. त्याचा दांडा मीटरभर खाली जातो, मांडवी-झुआरीच्या मुखाशी ओहोटीला तो वाळूत रुततो आणि मच्छीमारांची जाळी त्यात अडकतात, म्हणून भरतीची वेळ आणि जाळ्यांच्या जागा स्थानिक रांपणकारांना विचारून घ्याव्या लागतात. पण ज्याला हे जमतं, त्याने हातातले पैसे फॉइलवर घालावेत. शिडावर त्याला पहिली दोन वर्षं तरी काही खर्चावं लागणार नाही.